हिकोरीचं धनुष्य: झाड निवडण्यापासून लाकूड वाळेपर्यंत

धनुष्य बनवायला शिकू पाहणारे बहुतेक जण आधी हत्यारांबद्दल विचारतात. कोणती कानस घेऊ, कोणता रंधा घेऊ? मी त्यांना आधी रानात घेऊन जाते. मी राहते त्या अमेरिकेतल्या आग्नेय ओहायोच्या टेकड्यांवर हिकोरी भरपूर आहे, आणि एका अखंड लाकडातून धनुष्य घडवण्याचं काम मी इथल्याच जाणत्या लोकांकडून शिकले. इतक्या वर्षांत एक मत पक्कं झालंय. हिकोरीचं धनुष्य चांगलं निघणार की नाही, हे झाड निवडताना आणि लाकूड वाळवताना ठरतं. तासकाम त्यानंतरचं.

हिकोरी अक्रोडाच्या कुळातली. पिकॅन तिचीच सख्खी बहीण. कुऱ्हाडीचे आणि हातोड्यांचे दांडे अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या हिचेच बनतात, कारण हिचे तंतू लांब आणि चिवट असतात. धनुष्य ओढलं की नेमाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. ताण सोसण्यात हिकोरीचा हात धरणारी लाकडं फार थोडी आहेत. दाब मात्र ती त्या मानाने कमी सोसते, आणि लाकडात ओल राहिली तर आणखीच कमी. पुढचं सगळं काम या दोन गोष्टी ध्यानात ठेवून करायचं असतं.

आता झाड. जातीचा फार घोळ घालू नका. शॅगबार्क, पिगनट, मॉकरनट या तिन्ही चालतात. सालीचे लांब पट्टे सुटून लोंबत असतील तर शॅगबार्क. पिगनटची साल घट्ट बसलेली असते. धनुष्यासाठी खरं महत्त्व खोडाच्या सरळपणाला आहे. खोड ८ ते १० इंच जाडीचं हवं, आणि किमान साडेसहा फुटांच्या लांबीत फांदी नको, गाठ नको, जुनी जखम नको. सालीवरच्या रेषा खालून वरपर्यंत नजरेने नीट बघा. त्या खोडाभोवती तिरक्या फिरत असतील तर आत लाकडालाही पीळ आहे, आणि असा स्टेव्ह, म्हणजे धनुष्यासाठी खोडातून फाडून काढलेला लांब तुकडा, वाळताना आणखी पिळतो. उतारावरचं, एका बाजूला कललेलं झाड सोडून द्या. त्याच्या वरच्या अंगाचं लाकूड ताणात वाढलेलं असतं आणि वाळताना वेडंवाकडं होतं. दाट रानात उजेडासाठी सरळ वर गेलेलं झाड सगळ्यात उत्तम.

झाड कुणाचं आहे, हेही आधीच बघा. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते. राष्ट्रीय वनात परवान्याशिवाय झाड तोडता येत नाही. आणि सालीसकट ओंडके गाडीत घालून दूर नेऊ नका. लाकडातून पसरणाऱ्या किडींमुळे अनेक राज्यांत त्यावर निर्बंध आहेत.

कधी तोडायचं? वसंत सरता सरता आणि उन्हाळ्याच्या तोंडाला, म्हणजे इथे साधारण मे अखेर ते जून. तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल हाताने सोलून निघते. हिवाळ्यात तीच साल चिकटून बसते आणि तासून काढावी लागते. पण इथे एक पेच आहे, आणि तो नवख्यांना कुणी सांगत नाही. इंडियाना बॅट ही वटवाघळाची जात अमेरिकेत संकटग्रस्त आहे. उन्हाळ्यात तिच्या माद्या पिल्लांना घेऊन सुटलेल्या सालींखाली राहतात, आणि शॅगबार्कची साल त्यांना फार सोयीची असते. म्हणूनच ओहायोत मोठ्या कामांसाठीची झाडतोड १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात करायला सांगतात. मी स्वतः उन्हाळ्यात शॅगबार्कला हात लावत नाही. घट्ट सालीचं, ढोली नसलेलं, निरोगी पिगनट निवडते. शॅगबार्कच हवी असेल तर थंडीत तोडते आणि सालीचं जास्तीचं काम पत्करते. एका धनुष्यासाठी पिल्लांचं घर मोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

झाड पाडायचं काम एकट्याने करू नका. हिकोरीचं खोड अर्धवट कापलेलं असताना उभं फाटून मागे उसळू शकतं. जाणता करवतवाला सोबत हवाच.

ओंडका जमिनीवर आला की घड्याळ सुरू झालं असं समजा. दोन्ही टोकांना लगेच, तिथल्या तिथे, लाकडाच्या पांढऱ्या गोंदाचा जाड थर द्या. टोकांतून पाणी सगळ्यात वेगाने उडतं आणि भेगा तिथूनच आत शिरतात. मग पाचरी आणि घण. मधल्या गाभ्यातून जाणारी चीर शोधून तिथे पहिली पाचर ठोका आणि चीर पुढे सरकेल तशा बाकीच्या पाचरी लावत जा. हिकोरी सहजासहजी दुभंगत नाही. दोन्ही फाळ्या वेगळ्या झाल्यासारख्या दिसतात, तरी आत दोऱ्यांसारखे तंतू एकमेकांना धरून असतात. ते छोट्या कुऱ्हाडीने तोडावे लागतात. आधी दोन भाग, मग चार, आणि जाडी असेल तर सहा किंवा आठ.

साल त्याच दिवशी काढा. एका टोकाशी बोथट लाकडी पाचर घालून साल उचकटली की ती लांबच लांब पट्ट्यात सुटते, आणि खाली ओलसर, बुळबुळीत, जवळजवळ पांढरं लाकूड दिसतं. त्यावरचा पातळ थर हवेत थोड्याच वेळात तपकिरी पडायला लागतो. हाच पृष्ठभाग तुमच्या धनुष्याची पाठ. ओसेज ऑरेंजसारख्या लाकडात बाहेरचं रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचं कोवळं लाकूड, काढून आतल्या एका वलयापर्यंत जपून पोचावं लागतं. हिकोरीत ते काम झाडानेच करून ठेवलंय. म्हणून पाठीवर धारदार लोखंड लावू नका. एकही तंतू कापला गेला तर ओढताना तिथेच कपचा उडतो. साल काढली की पाठीलाही शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, द्या. सोललेली साल फेकू नका. तिच्या आतल्या चिवट पट्ट्यांनी अ‍ॅपलाचियन भागात खुर्च्यांच्या बैठका विणतात.

साल ठेवून लाकूड तसंच जमिनीवर पडू दिलंत तर बुरशी आणि भुंगेरे दोन्ही येतात. रसकाष्ठातून पिठासारखी बारीक पूड गळताना दिसली, तर तो स्टेव्ह इतरांपासून लगेच लांब करा.

आता वाळवणं. बहुतेकांची घाई इथेच नडते. ताज्या हिकोरीच्या वजनात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणीच असतं, आणि वाळताना ती वलयांच्या दिशेने १० टक्क्यांच्या आसपास आकसते. अख्खा स्टेव्ह वाळायला इंचाला एक वर्ष धरतात. त्यापेक्षा मी ओल्या लाकडालाच धनुष्याचा ढोबळ आकार देते. रुंदी सुमारे २ इंच आणि भुजा, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, जमिनीवर टेकवून दाबल्या तर जेमतेम लवतील एवढी जाडी. मग तो एका सरळ, जाड लाकडाला शिकंज्यांनी बांधून सावलीत, वारं खेळेल अशा खोलीत ठेवते. ओला स्टेव्ह उन्हात किंवा हीटरजवळ अजिबात नाही. भर उन्हातला सांडगा वरून कडक आणि आतून ओला राहतो, तसंच लाकडाचं होतं, आणि मग भेगा पडतात.

किती वाळलं हे वजन सांगतं. दर आठवड्याला वजन करून तारखेसह नोंदवा. घट थांबली की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळलं. पण तेवढ्यावर थांबू नका. हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात साधारण ९ टक्के ओल राहते, ६५ टक्क्यांना १२, आणि ३० टक्क्यांना ६ च्या आसपास. हिकोरीला ६ ते ८ टक्के मानवते. इथल्या दमट उन्हाळ्यात ओल तेवढी खाली येतच नाही. त्या अवस्थेत धनुष्य वाकवलं तर पोटाचे तंतू चेपतात आणि दोरी काढली तरी ते वाकलेलंच राहतं. हिवाळ्यात घर गरम ठेवणारी भट्टी चालू असली की आतली हवा आपसूक कोरडी होते. म्हणून जूनचं लाकूड मी शेवटच्या घडणीसाठी जानेवारीतच हातात घेते. थांबायचं नसेल तर लाकडी खोक्यात जुन्या पद्धतीचा बल्ब लावून हलकी ऊब देता येते, पण वजन स्थिर झाल्यानंतरच.

आकाराबद्दल थोडक्यात. पोट दाबाला कमकुवत, म्हणून भुजा रुंद आणि चपट्या ठेवा, लांबी ६६ इंचांच्या खाली नको. १६६० साली मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरी इथे एका मूलनिवासी माणसाकडून घेतलेलं धनुष्य हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात आहे. तेही हिकोरीचंच. त्याची चित्रं जरूर बघा.

भारतातल्या वाचकांनी हिकोरी मागवायच्या भानगडीत पडू नये. सातपुड्यातल्या भिल्लांची धनुष्यं बांबूची असतात. बांबूतही सगळ्यात बळकट भाग बाहेरच्या सालीलगतचा, त्यामुळे पाठ अखंड ठेवायचा नियम तिथेही लागू होतो.

पहिलं धनुष्य पूर्ण ओढायला ३५ ते ४० पौंडांपेक्षा जास्त जोर लागेल असं करू नका. आणि एका झाडातून निघालेल्या प्रत्येक स्टेव्हच्या टोकावर जात, तोडल्याची तारीख आणि पहिलं वजन पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात कोणता स्टेव्ह आधी घ्यायचा, हे त्यावरूनच कळतं.