वाणसामानाचा खर्च कसा आटोक्यात आणावा: आधी डबे उघडा, मग यादी करा

आमच्या घरी चार माणसं. महिन्याची यादी ठरलेल्या तारखेला वाण्याकडे जाते, बिलही दर महिन्याला साधारण तेवढंच येतं. तरी वीस तारीख आली की हात आखडायचा आणि पैसे गेले कुठे ते कळायचं नाही. मी यादीलाच कात्री लावून पाहिली. बदाम बंद केले, साबण स्वस्तातला आणला. वाचले दोन-तीनशे रुपये आणि घरात कुरकुर झाली ती वेगळीच. मग महिनाभर पै न् पै लिहून काढली, तेव्हा उलगडा झाला. यादीचं सामान महाग पडत नव्हतं, मधल्या फेऱ्या महाग पडत होत्या. कोथिंबीर आणायला गेलेलं माणूस ब्रेड, फरसाण आणि ‘समोर दिसला म्हणून’ एक शाम्पू घेऊन घरी येत होतं.

खालच्या पायऱ्या मी त्यानंतर लावून घेतल्या. पुढच्या मागेपुढे झाल्या तरी चालतील, पहिली मात्र गाळू नका.

पहिला महिना: वाचवू नका, नुसतं लिहा

फ्रिजवर किंवा ओट्याजवळ एक वही अडकवा. तीन रकाने आखा: यादीचं, रोजचं (दूध, भाजी, फळं) आणि मधलं. यादीत नसताना घरात आलेलं जे काही असेल, ते मधलं. फोनवरून पैसे दिले तर रक्कम आणि दुकानाचं नाव सापडतं, पण त्या दोनशे चाळीस रुपयांत काय आलं ते फोन सांगत नाही. म्हणून वस्तूचं नाव त्याच दिवशी वहीत गेलं पाहिजे. आणि लिहायचं सगळ्यांनी. नाहीतर ती घरातल्या बाईच्या खर्चाची वही होते आणि नवऱ्याने येता येता आणलेले सामोसे तीत कधीच दिसत नाहीत.

महिनाअखेर तिन्ही रकान्यांची बेरीज करा. आमच्याकडे ‘मधलं’ जवळजवळ यादीच्या बिलाला जाऊन भिडलं होतं.

डब्यांवरून यादी

यादी आठवून करू नका. एकेक डबा उघडून, हलवून, तळाशी किती आहे ते बघून करा. मी मोहरी, जिरं, हिंग ही तीन दर महिन्याला सवयीने लिहीत असे. एकदा कपाट आवरलं तर हिंगाच्या पाच डब्या निघाल्या.

दुसरी युक्ती तारखेची. तेलाची पिशवी फोडली, साखरेचा डबा भरला, कपड्यांच्या पावडरचं पाकीट उघडलं की त्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाका. संपेल त्या दिवशी किती दिवस पुरलं ते वहीत लिहा. दोन-तीन महिन्यांत घराचं प्रमाण हाती येतं: तेल इतकं, साखर इतकी, चहा इतका. मग ‘असू दे एक जास्तीचं’ हे वाक्य आपोआप कमी होतं. जास्तीचं असलं की हात सैल सुटतो, हे तेल आणि साखरेच्या बाबतीत मी स्वतःच्या घरात मोजून पाहिलं आहे.

मधल्या फेऱ्यांसाठी वेगळा कागद ठेवा. जे संपत आलं ते ज्याच्या लक्षात येईल त्याने त्यावर लिहायचं आणि दुकानात जायचं आठवड्यातून दोनदाच, ठरलेल्या वारी. दहा मिनिटांत सामान पोचवणारी ॲप्स वापरू नका असं मी म्हणत नाही, पाहुणे दारात असताना मीही वापरते. पण वस्तूच्या किमती बघून ‘दुकानाएवढीच तर आहे’ असं म्हणू नका, शेवटचा आकडा बघा. घरपोच करण्याचे, हाताळणीचे आणि मागणी लहान असेल तर त्याचे वेगळे पैसे त्यात चढलेले असतात. ते टाळायला आपण नको असलेली चिप्सची दोन पाकिटं वाढवतो, तो खर्च तर कुठेच दिसत नाही.

किंमत वाचू नका, दर काढा

आता पाकिटं पूर्वीसारखी पाव, अर्धा, एक किलोच्या मापात येत नाहीत. ८५० ग्रॅम, ८०० मिली, ४२० ग्रॅम असं काहीही असतं. समजा, ८५० ग्रॅमचं पाकीट ११९ रुपयांना आणि दोन किलोचं २५८ ला आहे. पहिलं डोळ्यांना स्वस्त वाटतं, पण ११९ ला ८५० ने भागलं की किलोला १४० पडतात आणि दुसऱ्यात १२९.

हा दर पाकिटावर छापणं आता बंधनकारक आहे, छापील किमतीच्या आसपास बारीक अक्षरात तो सापडतो. पण त्यात एक मेख आहे. किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा असतो आणि वरच्यावर किलोचा, त्यामुळे एकीकडे ०.१४ तर दुसरीकडे १२९ दिसतात. हजाराने गुणायचं. शिवाय ग्रॅमचा दर दोनच दशांशांपर्यंत छापतात, म्हणजे शेवटच्या एका आकड्यात किलोमागे दहा रुपयांचा फरक लपतो. डाळ-साखरेसारख्या वस्तूत दहा रुपये म्हणजे बरेच झाले. तेव्हा फोन काढून भागाकार करा, लाजू नका.

तेलात तर मीच फसले होते. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी शेजारी ठेवलेले असतात. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. मी वर्षभर ‘स्वस्त’ डबा आणत होते आणि तो महिना पुरत नाही म्हणून पोळ्यांवर राग काढत होते.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त, हेही खरं नाही. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी बऱ्याचदा मिलीच्या हिशेबात बाटलीपेक्षा स्वस्त पडते. ‘एकावर एक मोफत’ असेल तर दोन्हींच्या वजनाची बेरीज करून दर काढा आणि मुदत बघा. आणि छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्याच्या वर ‘थंड करण्याचे दोन रुपये’ कोणी मागू शकत नाही.

धान्य, डाळ, पीठ सुटं मिळत असेल तर तेही विचारून पाहा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील वेष्टणातल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्यावर तो नाही. गहू आणून गिरणीतून दळण आणलं तर तयार पिठापेक्षा स्वस्त पडतं का, ते आपल्या भागातला गिरणीचा दर धरून काढा. आमच्याकडे पडतं, आणि पोळीही मऊ होते.

बेगमी: वर्षाची नव्हे, पावसाळ्याची

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात आणि सगळ्यात जास्त वायाही इथेच जातात.

पूर्वी मार्च ते मे वर्षाचं भरून ठेवायची रीत होती, कारण तोवर नवा माल निघालेला असतो. तूर डिसेंबर-जानेवारीत, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. मिरची, हळद, चिंच उन्हाळ्याच्या तोंडाशी. आजही नव्या मालाची आवक जोरात असताना भाव बरे असतात. पण दोन खोल्यांच्या घरात कणगी कुठे ठेवणार? म्हणून मी वर्षाचा हट्ट सोडला. पावसाळ्याचे चार महिने निघतील एवढं भरते. गहू महिन्याला आठ किलो लागतो, तर तीस-पस्तीस किलो पुरे. पुण्यात मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात पोत्याने मिळतो. शेजारच्या दोघींना बरोबर घ्या, पोती आणि रिक्षाचं भाडं तिघींत वाटून घ्या.

भरण्याची पद्धत चुकली की सगळं मुसळ केरात. एका वर्षी मी गहू दुपारी उन्हातून उचलून तसाच गरम गरम पिंपात ओतला आणि झाकण लावलं. आत घाम धरला, जुलैत उघडलं तर पोरकिड्यांची जत्रा. तेव्हापासून क्रम असा: चाळायचा, निवडायचा, दोन-तीन कडक उन्हं द्यायची, रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचा, मग कोरड्या पिंपात सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचे थर देत भरायचा. बोरिक पावडर मी लावत नाही, पोटात जाणाऱ्या वस्तूला ती नको. तूरडाळीला ऊन देऊन हाताला एरंडेल लावून चोळायचं, डाळ नुसती चमकली पाहिजे, ओली दिसता कामा नये. शिजवताना कोमट पाण्याने धुतली की तेल निघून जातं. तांदळाला कडक ऊन दाखवू नका, दाणा तडकून कण्या होतात. जुना तांदूळ मोकळा होतो आणि महागही असतो, त्यामुळे कोलमसारखा तांदूळ जानेवारी-फेब्रुवारीत नवा घेऊन घरातच जुना होऊ द्यावा.

हे भरून ठेवू नका: शेंगदाणे (खवट होतात), रवा, बेसन, आणि मूग-चवळीसारखी कडधान्यं, त्यांना सगळ्यात आधी भुंगा लागतो.

कांद्याचं वेगळं आहे. पावसाळ्याच्या शेवटी निघणारा लाल कांदा टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये येतो तो उन्हाळ कांदा टिकाऊ, त्याची पात नीट वाळलेली आणि मान बारीक असते. दहा-पंधरा किलो घ्या, हवेशीर जागी एका थरात पसरा, बटाट्यांपासून लांब. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेला आधी वापरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात लासलगावचे भाव बातम्यांत झळकायला लागतात, तेव्हा घरात शेवटचे दोन किलो असले तरी बरं वाटतं.

भाजी आणि भाजीतलं फेकलेलं

आठवड्यातून दोनदाच भाजी आणा आणि क्रम ठरवा: पालेभाजी आणल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, मग भेंडी-गवार, शेवटी कोबी-भोपळा. दोन दिवस उसळीचे. भाजीचे भाव श्रावणात चढले की मटकी-मूग भिजत घालायचे, वाटीभर कडधान्याला मोड आले की दोन-अडीच वाट्या होतात.

जुडी स्वस्त दिसते, पण निवडल्यावर किती उरते ते बघा. पावसाळ्यात मेथीची जुडी निवडून झाली की मूठभर राहते आणि बाकीचा चिखल. मटारच्या किलोभर शेंगांतून दाणे साधारण निम्मेच निघतात, त्यामुळे सोललेल्या मटारचा भाव शेंगांच्या दुपटीच्या आसपास असेल तर सोललेले घेण्यात तोटा नाही, वेळ मात्र वाचतो.

टाकण्याआधी विचार करण्यासारखं बरंच असतं. दोडक्याच्या शिरांची तीळ-खोबरं घालून चटणी, दुधीच्या सालींची तशीच. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. फ्लॉवरचे कोवळे दांडे आमटीत, मुळ्याचा पाला पीठ पेरून. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, भाताचा फोडणीचा भात, वरण उरलं तर त्यातच कणीक मळायची. यातलं काही नवं नाही. आपण विसरलो ते इतकंच की रात्रीचं उरलेलं फ्रिजमध्ये मागे सरकवून ठेवलं की ते चौथ्या दिवशी फेकण्यासाठीच ठेवलेलं असतं. उरलेलं नेहमी पुढच्या कप्प्यात, काचेच्या भांड्यात, दिसेल असं.

सायीचं तूप करणं परवडतं का, असं बरेच जण विचारतात. म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध घेत असाल तर हो. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरमागे साठेक ग्रॅम. त्यातला बराच सायीबरोबर वर येतो. टोन्ड दुधात तो ३ टक्के, तिथे विरजण लावण्याची खटपट माणसाने हौसेनेच करावी.

गॅस आणि वीज

डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकरला लावा, शिट्टी झाली की आच कमी करा. एवढं पुरेसं आहे.

विजेचं बिल पाहताना रक्कम बघण्याआधी युनिट बघा. महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० त्याहून बऱ्याच चढ्या दराने. त्यामुळे १३० वरून १०० वर आलात तर महागडी तीस युनिट गळतात. ती शोधायची तर दोन हजार वॅटचा गिझर आधी बघा, अर्धा तास चालला की एक युनिट. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तिसाच्या आसपास. ज्या खोलीतला पंखा दिवसरात्र फिरतो तिथला आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. महिन्याच्या मधोमध मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहिला की उरलेले दिवस जरा जपून जातात.

सिलिंडर जोडला की त्यावर खडूने तारीख टाका. आणि नवा घेताना दारातच वजन करून मागा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे आणि काट्यावर तेवढे दिसले पाहिजेत. काटा आणणाऱ्याकडे असायलाच हवा. मागितला की गाडीतून निघतो.