पोरं कॉलेजात असताना घरचा हिशोब त्यांच्यापुढे ठेवा

आमची जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ पाच एकर केळी आहे. मोठ्याच्या वेळी माझी चूक झाली, म्हणून आधी तीच सांगतो. बी.ए. झाल्यावर तो स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेला. दर महिन्याला पैसे पाठवायचो, पण किती दिवस पाठवू शकेन हे कधी बोललो नाही. त्यात एका पावसाळ्यात मृगबागेवर, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीवर, सीएमव्ही हा व्हायरसचा रोग आला, आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. निम्मी झाडं उपटून टाकावी लागली. मी उसनवारी करून पैसे पाठवत राहिलो. त्याला हे दोन वर्षांनी मामाकडून कळलं. म्हणाला, "पप्पा, तेव्हाच सांगितलं असतं तर अभ्यासासोबत काहीतरी काम धरलं असतं ना."

म्हणून धाकटी एस.वाय.ला गेली त्या सुट्टीत मी वही काढली आणि तिला शेजारी बसवलं. कांदेबागेचे, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचे, किती आले, रोपं-खतं-ठिबकला किती गेले, सोसायटीचं कर्ज किती बाकी, सगळं. शेवटी एक आकडा लिहिला: पुढच्या तीन वर्षांत तुझ्या शिक्षणाला घरातून चार लाख, त्यावर लागले तर बँकेचं कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत आणि हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, हेही त्याच वहीत लिहा. पोरं घाबरतील म्हणून आपण लपवतो. माझी घाबरली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने स्वतः तीन कॉलेजांची फी काढून आणली.

दुसरं, काम डोळ्यांनी दाखवा. ती मायक्रोबायोलॉजीला आहे. "लॅबमध्ये काम करायचंय," एवढंच म्हणायची. कोणती लॅब, तिथे दिवसभर काय करतात, हे ना तिला माहीत ना मला. आपल्या जिल्ह्यात टिश्यू कल्चरची रोपं घराघरात लागतात, मग ती बनतात कुठे ते तरी बघ, असं म्हणून मी रोपं देणाऱ्याकडे शब्द टाकला. तिला एक पूर्ण दिवस आत राहू दिलं. मुनव्याच्या, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबाच्या, आतला इवलासा गाभा कापून बाटलीत वाढवायचा, एकाचे अनेक करायचे, मुळं फुटली की शेडमध्ये हवेची सवय लावायची, असं महिनोन् महिने चालतं. मी मुद्दाम आत गेलो नाही. बाप शेजारी उभा असला की पोरगी प्रश्न विचारत नाही आणि समोरचाही बापाकडे बघूनच बोलतो. मी रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसलो. तिला तीनच गोष्टी विचारायला सांगितल्या होत्या: सुरुवातीला पगार किती, पाच वर्षांनी माणूस कुठे पोचतो, आणि कोणत्या डिग्रीला घेतात.

संध्याकाळी गाडीवर मागे बसून म्हणाली, "दिवसभर बाटल्यांपुढे बसणं मला नाही जमणार. पण रोपांत व्हायरस आहे का ते तपासतात ना, ते काम फार आवडलं." आमच्या बागेत शिरला होता तोच व्हायरस. एम.एस्सी.ला काय घ्यायचं हा प्रश्न त्या दिवशी निम्मा सुटला.

स्पर्धा परीक्षा करायची असेल तर घरात बसून वर्ष ठरवा. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे. यूपीएससीच्या नागरी सेवेला ती ३२, आणि प्रयत्न ६. हे आकडे सरकारचे झाले, घराचे वेगळे असतात. किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि सोबत कोणतं शिक्षण किंवा काम चालू ठेवायचं, हे पोराच्याच हाताने लिहून घ्या.

कागदपत्रं मात्र आईबापांनीच सांभाळावीत, यात पोरांचा वेळ घालवू नका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला. नॉन क्रिमीलेअर ३१ मार्चला संपतं, ती तारीख कॅलेंडरवर मारून ठेवा. जात पडताळणीला ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. माझ्या वडिलांचा शाळेचा दाखला मिळवायला मला जुन्या गावच्या शाळेत चार चकरा झाल्या. प्रवेशाची यादी लागल्यावर ही धावपळ केली असती तर जागा गेली असती.

राहिले नातेवाईक. लग्नात कोणीतरी तिला गाठतंच, "काय करून राहिली गं, पुढे काय?" आणि पाठोपाठ स्थळाचा विषय निघतो. त्याचं उत्तर तिने देऊ नये, मी देतो: एम.एस्सी. होईपर्यंत स्थळ बघायचं नाही. तिच्या आईनेही आपल्या माहेरी हेच सांगितलंय. दोघांचं बोलणं एकच निघालं की लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

वही अजून चालू आहे. दर दिवाळीला केळीचे पैसे आले की आम्ही तिघं बसून आकडा पुन्हा मांडतो. गेल्या खेपेला तो तीस हजारांनी कमी झाला, तेव्हा तिनेच पुण्याऐवजी जळगावच्या विद्यापीठाचं नाव यादीत वर घेतलं.