लेकीकडे लांब मुक्कामाला जाताना: आधी नावाचं बघा

परदेशचा व्हिसा असं एकच काही नसतं. मुलं कुठल्या देशात आहेत त्यावर सगळं अवलंबून. जर्मनी, फ्रान्सकडे असतील तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. त्यात कुठल्याही 180 दिवसांत फक्त 90 दिवस, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यातच. बाळंतपणाला म्हणून गेलात तर बारसं उरकून थोड्याच दिवसांत परत. इंग्लंडला साध्या व्हिजिटर व्हिसावर एका वेळी 6 महिने. अमेरिकेचा 10 वर्षांचा व्हिसा मिळाला की लोक पेढे वाटतात, पण राहायचं किती ते आय-94 वर, म्हणजे तिथे उतरल्यावर होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवर असतं, बहुतेकदा 6 महिने. खराखुरा लांब मुक्काम हवा असेल तर कॅनडाचा सुपर व्हिसा, तो तिथल्या मुलांच्या आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी असतो. जुलै 2022 पासून त्यावर एका वेळी सलग 5 वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक किंवा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेली हवी. वर्क परमिटवर असेल तर सुपर व्हिसाचं नाव काढू नका, साध्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज करा.

आमची लेक पीआर, त्यामुळे पुढचं सगळं सुपर व्हिसाचं.

पासपोर्ट आधी बघा. मुदत दोन-तीन वर्षंच उरली असेल तर नवा काढूनच अर्ज करा, कारण व्हिसा पासपोर्टच्या पुढे जात नाही. फोटो, बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचा कागद, घराचा उतारा हे सगळे देतातच.

आता नाव. इथे थांबा, चहा ठेवायचा असेल तर ठेवून या.

माझं माहेरचं नाव विमल. 1987 साली लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनीता लिहिलं आणि मी सुनीता झाले. रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट सगळीकडे सुनीता. पण पहिलं बाळंतपण माहेरी, बार्शीला. दवाखान्यात नाव सांगायला गेला माझा भाऊ. त्याला मी विमलच. त्यानं आईचं नाव विमल लिहून दिलं आणि नगरपालिकेच्या दाखल्यावर तेच बसलं. तो दाखला शाळेच्या प्रवेशाला चालला, मुलीच्या पासपोर्टला चालला, कुणी विचारलं नाही. सुपर व्हिसात मात्र नात्याचा पुरावा म्हणून सहसा मुलांचा जन्मदाखलाच लावतात. त्या दाखल्यानुसार मी तिची कुणीच नव्हते. यांचा व्हिसा आला, माझा फेटाळला. दाखल्यावर वडिलांचं नाव बरोबर होतं ना! हे म्हणाले, मी एकटा जाऊन काय करू, भांडी घासू? नातवाचं बारसं आम्ही इथे सोलापुरात घरी बसून फोनवर पाहिलं. फी परत मिळत नाही, तेही सांगून ठेवते.

एजंटला मी विचारलं होतं. तो म्हणाला, "नोटरीचं प्रतिज्ञापत्र लावू की, पुरतंय तेवढं." पुरलं नाही. तुमचं तुम्ही बघा, एजंटवर सोडू नका. मुलांच्या दाखल्यावर आईचं नाव काय आहे ते आज काढून वाचा. मुलगा मोठा असो, मुलगी धाकटी असो, जिच्याकडे जायचं तिचाच दाखला वाचा. धाकट्याचा जन्म सोलापूरचा, त्याच्यावर सुनीता होतं, म्हणून मी निर्धास्त राहिले. मूर्खपणा.

फरक असेल तर राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेट. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात ऑनलाइन अर्ज करून देता येते. त्यात जुनं नाव आणि नवं नाव एका ओळीत छापून येतं, आणि तेच हवं असतं. जोडीला विवाह नोंदणीचा दाखला. आमच्या वेळी लग्नं नोंदवायची पद्धत कुठे होती? आता उशिरा नोंदवायला लग्नपत्रिका, लग्नातले फोटो, साक्षीदार आणि भटजींची सही लागते. आमचे भटजी कधीच गेले, त्यांच्या जागी प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. पत्रिका जुन्या ट्रंकेत सापडली म्हणून बरं. जन्मदाखल्यातच दुरुस्ती करता येते, 1969 च्या कायद्यात तशी सोय आहे, पण मूळ नोंद खोडत नाहीत, समासात शेरा मारतात. त्याला वेळ लागतो. म्हणून तिकिटाच्या आधी, विम्याच्या आधी, लेकीला तारीख सांगायच्या आधी नाव.

मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते घरच्यानं केलेलं चालत नाही. माझा पुतण्या इंग्रजीचा प्राध्यापक आहे, तरी नाही. अनुवादकाकडूनच करून घ्या आणि तिथेही नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी एकेक अक्षर ताडून बघा. सुनीताचा आय एक की ई दोन, यावरही अडतं.

लेकीकडून निमंत्रणपत्र, पीआरचा पुरावा, उत्पन्नाचे कागद. घरात माणसं किती त्यावर उत्पन्नाची किमान रक्कम ठरते, आणि तुम्ही जाणार म्हणजे तुम्हीही त्यात मोजले जाता. विमा किमान 1,00,000 कॅनेडियन डॉलरचा, निदान एका वर्षाचा. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरलेले दिसले पाहिजेत. वैद्यकीय तपासणी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडेच, आपल्या फॅमिली डॉक्टरचं पत्र घेऊन जाऊ नका.

बोटांचे ठसे पुण्याला. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणार असाल तर दुपारची वेळ घ्या, उगीच रिक्षावाल्याच्या मागे पळावं लागत नाही. एकदा दिलेले ठसे 10 वर्षं चालतात, तेवढं माझं दुसऱ्या वेळी वाचलं.

निघताना: बँकेचा ओटीपी येतो ते सिम चालू ठेवा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला तिथूनही मोबाइलवर होतो, आधीच शिकून घ्या. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, 90 दिवसांपुरती. शेंगाचटणी न्या, पण फॉर्मवर खायचं सामान आहे म्हणून लिहा. उतरल्यावर अधिकाऱ्याला सुपर व्हिसा आहे हे सांगा आणि पासपोर्टवर किती तारखेपर्यंत लिहिलंय ते खिडकीपाशीच वाचा.

आणि राजपत्राची प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत नाही.