जुन्या कन्सोलवर आरपीजी खेळताय? या चुका टाळा

रेसिंगचा किंवा मारामारीचा गेम मध्येच बंद पडला तर फार तर दहा मिनिटं वाया जातात. आरपीजीत (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची लांबलचक कथा खेळायचा प्रकार) चाळीस-पन्नास तासांचा संसार एका सेव्ह फाइलमध्ये असतो. तरी जुना कन्सोल घेताना लोक बॉडीवरचे ओरखडे बघतात, कंट्रोलरची बटणं दाबून बघतात आणि मेमरी कार्ड दुकानदाराने वर फुकट दिलं म्हणून खूश होऊन घरी येतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

फुकटचं मेमरी कार्ड

प्लेस्टेशन २ चं सोनीचं कार्ड ८ एमबीचं. ६४ किंवा १२८ छापलेली बिननावाची कार्डं बाजारात ढिगाने असतात. सगळीच टाकाऊ असतात असं नाही, पण काही थोडे दिवस गुण्यागोविंदाने चालतात आणि एके रात्री कन्सोल म्हणतो, कार्ड फॉरमॅट केलेलं नाही, करू का? इथे ‘नो’च दाबायचं. कार्ड काढा, संपर्काच्या पट्ट्या पुसा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. पुष्कळदा सेव्ह परत दिसतो. घाईत ‘येस’ दाबलं की विषय संपला.

दुसरा घोळ जुन्या डिस्कचा. पहिल्या प्लेस्टेशनचे (पीएस वन) गेम प्लेस्टेशन २ (पीएस २) वर चालतात, पण सेव्ह होतात फक्त पीएस वनच्या कार्डावर. ‘फायनल फँटसी सेव्हन’ लावून रमायचं आणि पहिल्या सेव्ह पॉइंटला हे कळायचं, असं होऊ देऊ नका. त्या कार्डात १५ ब्लॉक असतात आणि या गेमचा एक सेव्ह एक ब्लॉक खातो, म्हणजे जागा भरपूर. शिवाय पीएस २ च्या स्वतःच्या मेन्यूतून (ब्राउझर) तो सेव्ह ८ एमबीच्या कार्डावर कॉपी करता येतो. तिथून थेट खेळता येत नाही, पण बॅकअप राहतो. आठवड्यातून एकदा हे करायचा कंटाळा करू नका.

‘सुईकोडेन’ खेळणाऱ्यांनी तर पहिला भाग संपल्यावरही सेव्ह पुसू नये. दुसरा भाग सुरू करताना तो पहिल्याचा सेव्ह वाचतो आणि जुनी पात्रं, काही तपशील पुढे आणतो.

एकाच स्लॉटवर सेव्ह

इथे ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’चं उदाहरण द्यावंच लागेल. १९९७ च्या या गेममध्ये रिओव्हानेस किल्ल्यात लागोपाठ लढाया आहेत. दोन लढायांच्या मध्ये गेम मोठ्या मनाने विचारतो, सेव्ह करायचंय का? तुम्ही करता. पुढे वीग्राफ या शत्रूशी एकट्याने द्वंद्व. नायक कच्चा असेल तर तो क्षणात आडवा होतो, आणि आता किल्ल्याबाहेर जाऊन ताकद वाढवायची सोय नाही. सेव्ह एकच असेल तर खेळ तिथेच अडकला. निदान तीन वेगळे सेव्ह (स्लॉट) आलटूनपालटून वापरा आणि किल्ला, मनोरा, जहाज असं काही दिसलं की आत शिरण्यापूर्वीचा एक सेव्ह वेगळा काढून ठेवा.

डिस्क एका देशाची, गाइड दुसऱ्या देशाचं

आपल्याकडची टीव्ही पद्धत पाल, अमेरिका-जपानची एनटीएससी. पीएस वन आणि पीएस २ दोन्ही रीजन-लॉक, त्यामुळे अमेरिकन डिस्क पाल मशीनवर तशीच चालणार नाही. वर ‘क्रोनो ट्रिगर’ सुपर निन्टेन्डोवर, ‘झेनोगिअर्स’ आणि ‘टॅक्टिक्स’ पीएस वनवर पाल आवृत्तीत आलेच नाहीत. कोणी ‘ओरिजिनल पाल’ म्हणून यातलं काही विकत असेल तर नमस्कार करून पुढे चला.

उलटा प्रकार ‘फायनल फँटसी टेन’चा. पाल आवृत्तीत चित्राच्या वरखाली काळे पट्टे आहेत, पण तिच्यात मूळ अमेरिकन आवृत्तीत नसलेले डार्क एऑन हे महाभयंकर शत्रू आहेत. अमेरिकन गाइड वाचून तुम्ही शेवटी-शेवटी बेसेड गावात राहिलेल्या वस्तू गोळा करायला जाता आणि वेशीवर डार्क व्हॅलेफोर उभा असतो. गाइडमध्ये त्याचं नावही नाही. पाल डिस्क असेल तर सुरुवातीच्या गावांतली कामं पहिल्या फेरीतच उरकून घ्या.

चित्र काळं-पांढरं दिसतंय म्हणून केबल बदलत बसणं हीसुद्धा नेहमीची चूक. मुंबईच्या चोर बाजारातून हौसेने आणलेल्या जुन्या पाल टीव्हीवर एनटीएससी मशीनचे रंग येत नाहीत. टीव्हीच्या मेन्यूत ‘कलर सिस्टिम’ ऑटो करून बघा. तो पर्यायच नसेल तर टीव्ही बदला, केबल बिचारी निर्दोष आहे.

व्होल्टेजचं एवढंच सांगतो: मागच्या स्टिकरवर फक्त १०० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० च्या प्लगला थेट लावू नका. लॅमिंग्टन रोडला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो घ्या.

‘चालू कंडिशन आहे, दादा’

असेल. तरी टीव्हीवर लावून दाखवा म्हणायचं. पीएस २ मध्ये सीडी आणि डीव्हीडीसाठी वेगवेगळे लेझर असतात. एक दमलेला असला तरी दुसरा चालतो, म्हणून दोन्ही प्रकारची डिस्क लावून बघा. खालून निळी दिसते ती सीडी. गेमच्या सगळ्या डिस्क तपासा. ‘फायनल फँटसी एट’च्या चार आहेत, आणि तिसरी खराब निघाल्याचं कळेपर्यंत तुमचे तीसेक तास त्यात गेलेले असतात.

डिस्कला टूथपेस्ट चोळायचा घरगुती उपाय कृपा करून सोडा. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल-गोल नको. सीडीचा डेटा लेबलच्या अगदी खाली असतो, त्यामुळे वरच्या बाजूला खोल ओरखडा असेल तर ती घेऊच नका.

पावसाळ्यात आपल्या शहरात चामड्याच्या चपलेलासुद्धा बुरशी येते, तिथे लेन्सचं काय. सिलिका जेलच्या पुड्या घालून कन्सोल बंद डब्यात ठेवा आणि अधूनमधून अर्धा तास चालवा. काड्रिज (कन्सोलमध्ये खोचायची गेमची डबी) फुंकणं बंद. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड पुरतो.

नव्या टीव्हीला स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबी लावली की बटण आणि चित्रात किंचित अंतर पडतं. पाळीपाळीने वार करायच्या गेममध्ये ते जाणवत नाही, पण ‘लीजेंड ऑफ ड्रॅगून’मध्ये प्रत्येक वार वेळ साधून दाबायचा असतो. तिथे हात चुकतोय असं वाटलं तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा.

आणि एवढी उठाठेव नको असेल तर?

मग गेम बॉय अॅडव्हान्स किंवा निन्टेन्डो डीएस घ्या. दोन्हीच्या काड्रिजना रीजन-लॉक नाही, टीव्हीची भानगड नाही, आणि डीएस झाकला की झोपतो, म्हणजे दादरला उतरताना गडबड नाही. डीएसवर २००८ चा ‘क्रोनो ट्रिगर’ आहे. पहिलीच आरपीजी खेळणाऱ्याला मी तोच देईन, कारण तो वीसेक तासांत संपतो आणि कुठेही रेंगाळत नाही.

इथला सापळा नकली पोकेमॉन काड्रिजचा. ‘फायर रेड’ किंवा ‘एमरल्ड’ सुरू करताच ‘१एम सब-सर्किट बोर्ड’ बसवलेला नाही असा संदेश आला तर माल नकली, आणि त्यावरच्या सेव्हचा भरवसा नाही. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ खरे असले तरी त्यांचा सेव्ह आतल्या सीआर२०२५ बॅटरीवर जगतो आणि ती आता बहुतेक मेलेली असते. धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरीच बसवून घ्या. बदलताना जुना सेव्ह जातो, हे दुरुस्तीवाल्याकडे देण्याआधी लक्षात असू द्या. ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये मात्र बॅटरी संपल्याचा संदेश पाहून घाबरू नका. ती फक्त घड्याळासाठी आहे. सेव्ह शाबूत राहतो, पेरलेल्या बेरी तेवढ्या वाढायच्या थांबतात.