ग्रीन ऑडिट: आधी वीजबिलं काढा

नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) ग्रीन ऑडिट, म्हणजे कॉलेजच्या वीज-पाणी-कचऱ्याचा हिशेब, म्हटलं की आमच्याकडे सगळे आधी झाडं मोजायला निघतात. झाडं राहू द्या. लेखा विभागातून वर्षभराची वीजबिलं मागवा, युनिट्सची बेरीज करा आणि तिला साधारण ०.७ ने गुणा. तेवढे किलो कार्बन डायऑक्साइड. मग विद्यार्थिसंख्येने भागा, नाहीतर प्रवेश वाढले की आकडा उगाच बिघडलेला दिसतो. वसतिगृहाला वेगळं मीटर नसेल तर आधी ते बसवून घ्या, प्राचार्य कुरकुरले तरी. जनरेटरचं डिझेल लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. पावसाचं पाणी मोजायचं तर गच्चीच्या एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. कचरा मात्र काट्यावरच तोला, आणि ते काम पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प म्हणून द्या. दरवेळी एनएसएसच्या पोरांवर ढकलू नका.