टाळेबंदीतला शाळेचा डबा

2020 चा एप्रिल. पुण्यातलं वन बीएचके, आम्ही दोघं घरून काम करणारे, लेक सहा वर्षांची, मुलगा साडेतीनचा. शाळा बंद होऊन महिना होत आलेला आणि दर वीस मिनिटांनी एकच हाक : "आई, भूक लागली!" भूक कसली, कंटाळा होता तो. वरण-भात पुढे केला की तोंड वाकडं, बिस्किटं मात्र फस्त. किराण्याच्या दुकानापुढे खडूच्या चौकोनात तासभर उभं राहून आणलेले पुडे ते, जीव जळायचा.

ओरडून पाहिलं. डबे वरच्या फळीवर ठेवले, तर त्यांनी स्टूल आणलं.

मग एका सकाळी शाळेचेच डबे भरले. गूळ-तूप लावलेली पोळीची सुरळी, चुरमुरे, मनुका. जेवणाखेरीज खाऊ एवढाच, कधी खायचा ते तुम्ही ठरवा. पहिल्या दिवशी साडेनऊलाच डबे रिकामे, मग रडारड. मी बधले नाही. (नवरा बधला, गुपचूप केळं दिलं.) चौथ्या दिवशी लेकीने स्वतःच अकराची मधली सुट्टी ठरवली आणि देवघरातली घंटा वाजवली. माझी मीटिंग चालू होती. साहेबांनी विचारलं, "आरती आहे का घरी?"