बोर्दोची रेड वाईन निवडायची तर आधी नदीचा काठ बघा

फ्रान्समधल्या बोर्दोच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, गावाचं असतं, आणि नवीन माणूस तिथेच अडकतो. म्हणून आधी नकाशा समजून घ्या. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळून जिरोंद होते आणि ती अटलांटिकला जाते. प्रवाहाच्या दिशेने तोंड केलं की डावीकडे लेफ्ट बँक, उजवीकडे राइट बँक. बाकी सगळं यावरच ठरतं.

लेबलवर पोयाक, मार्गो, सां-ज्युलियाँ दिसलं की लेफ्ट बँक. जमीन गोट्यांची, नदीने आणून टाकलेली, निचरा एकदम मस्त, वर ते गोटे दिवसभर तापतात, आणि कॅबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष उशिरा पिकणारं असल्यामुळे त्याला ही ऊब लागतेच. म्हणून या वाईनमध्ये त्याचा हात वरचा. कोवळी असताना तोंड चांगलंच तुरट होतं, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं, पण चांगली बाटली दहा वर्षं ठेवली की तीच मऊ होते आणि देवदाराचा, सिगारच्या डब्याचा वास यायला लागतो. मला स्वतःला हीच जास्त आवडते. सोबत मटण घ्या, पोयाकमध्येही कोकराचं मटणच प्रसिद्ध आहे.

सांतेमिलियों किंवा पोमरोल दिसलं तर राइट बँक. इथे चिकणमाती आणि चुनखडी, माती गार, ओल धरून ठेवणारी, त्यात लवकर पिकणारं मर्लो द्राक्ष खूश असतं. वाईन गोलसर, आलुबुखारसारखी, लवकर पिण्याजोगी. पेत्र्युस ही नावाजलेली वाईन याच पोमरोलच्या निळसर चिकणमातीतली. अपवाद आहेतच, शव्हाल ब्लां ही वाईन सांतेमिलियोंची असून तिच्यात कॅबर्ने फ्रां हे द्राक्ष भरपूर असतं, कारण तिथे गोटेही आहेत.

१८५५ मध्ये बोर्दोच्या वाईनची अधिकृत वर्गवारी लावली गेली, त्या क्रमवारीच्या मागे लागू नका. ती मुख्यतः लेफ्ट बँकच्या मेदोक भागाची, पहिल्या वर्गात नंतर एकच भर पडली, १९७३ मध्ये मूतों-रॉथशिल्ड या वाईनरीची, आणि पोमरोलला तर अधिकृत क्रमवारीच नाही. सुरुवातीला लेफ्ट बँकच्या ओ-मेदोकची एक आणि राइट बँकच्या फ्रोंसाकची एक बाटली घ्या, साल एकच, आणि दोन्ही शेजारी ठेवून चाखा, काठांमधला फरक जिभेलाच कळतो.

आणि प्लीज, १६ ते १८ डिग्रीला प्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात रूम टेंपरेचर म्हणजे गरम वाईन, त्यामुळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग उघडा, आणि कोवळी लेफ्ट बँक असेल तर डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या काचेच्या सुरईत, ओतून तासभर तशीच राहू द्या.